वाट सपाट आहे, मावशी

प्रिय मावशी,

परवा फोनवर तू म्हणालीस, "डोंगर आता तुमचे. मी खाली बसून तुमच्या पिशव्या सांभाळते." हे पत्र त्या वाक्याला उत्तर म्हणून लिहिते आहे. छापायलाही देते आहे, कारण असं म्हणून घरी बसलेली तू एकटी नाहीस. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, चालायला डॉक्टरांनी परवानगी दिली, गच्चीवर रोज फेऱ्याही चालू आहेत, तरी डोंगराचं नाव काढलं की हात जोडणारी माणसं आता माझ्या ओळखीत बरीच झाली आहेत. त्यातली बहुतेक पूर्वी चांगली चालणारी होती, हे मला जास्त लागतं.

तर माझं म्हणणं सरळ आहे. तू माझ्याबरोबर माथेरानला चल. शार्लोट लेकच्या वाटेनं आपण दोघी चालू.

माथेरान तू कधी मनावर घेतलं नाहीस, हे मला माहीत आहे. तुझ्या लेखी ती हवापालटाला येणाऱ्यांची जागा. घोडे, चिक्की, चामड्याच्या चपला आणि दुपारची झोप. नेरळला उतरून तुम्ही मैत्रिणी पेबच्या वाटेला लागायचात आणि माथेरानच्या गाडीकडे वळूनही बघायचा नाहीत. तुझ्या गोष्टींमध्ये प्रबळगड आहे, सिद्धगड आहे, भीमाशंकरची शिडीची वाट आहे. तळ्याकाठी बसल्याची एकही गोष्ट नाही. म्हणूनच मला वाटतं, हे तळं तुझ्यासाठी राहून गेलेलं आहे.

आधी जाण्याचं सांगते, म्हणजे तुझे निम्मे प्रश्न मिटतील. दादरहून कर्जतची लोकल, नेरळला उतरायचं. तिथून टॅक्सी घाट चढून दस्तुरी नाक्यापर्यंत नेते. त्यापुढे मोटार जात नाही, कुणाचीच जात नाही. नाक्यापासून थोडं चाललं की अमन लॉज स्टेशन लागतं, आणि तिथून छोटी गाडी माथेरानच्या बाजारात आणून सोडते. हा टप्पा अडीच-तीन किलोमीटरचा आहे आणि तो चालायची आपल्याला काही गरज नाही. नेरळपासून वर येणारी पूर्ण गाडी 1907 साली सुरू झाली. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं स्वतःचा पैसा घालून तो रूळ डोंगरावर चढवला. 2005च्या महापुरात हा मार्ग वाहून गेला, दोन वर्षांनी पुन्हा उभा राहिला, 2019च्या पावसानं पुन्हा मोडला आणि 2022मध्ये पुन्हा सुरू झाला. पावसाळ्यात नेरळची गाडी बंद असते, पण वरची शटल चालते. तिकिटाला रांग असते, ती मी लावीन.

आता वाट. बाजारापासून तळं दोनेक किलोमीटर असेल. माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंच असलं तरी ती उंची गाडीनं आधीच चढून दिलेली असते. वरचा माथा बराचसा सपाट आहे आणि वाट त्या सपाटीवरून झाडीतून जाते. तळं खोलगट जागी आहे, त्यामुळे जाताना हलका उतार आणि परतताना हलका चढ. तुझ्या गुडघ्याला चढापेक्षा उतार जड जातो, म्हणून उतरताना काठी हातात ठेव. एवढीच काळजी. पाऊस नुकताच संपलेला असेल तर उतारावर माती थोडी सुटी असते, तिथे माझा हात धर. बाकी पायऱ्या नाहीत, कडा नाही, धापही लागत नाही.

पायाखाली लाल माती असते. जांभ्या दगडाची ही माती इतकी मऊ आणि इतकी लाल की पहिल्या दहा मिनिटांत साडीचे काठ, बूट, पिशवीचा तळ सगळं एका रंगाचं होतं. पांढरं काही नेसू नकोस. वर झाडांची छत्री सलग असते: जांभूळ, हिरडा, आंबा, आणि जागोजागी अंजनी. उन्हाळ्याच्या तोंडावर अंजनीच्या फांद्यांना निळ्याजांभळ्या फुलांचे झुबके लागतात, ते पाहायला मात्र मार्चमध्ये यावं लागेल. आपण जाऊ तेव्हा फुलं नसतील, पण सावली असेल. भर दुपारीसुद्धा या वाटेवर ऊन तुकड्यातुकड्यांनी येतं. नारद बुलबुलांची बडबड जवळजवळ सतत असते. नशीब असेल तर शेकरू दिसतं. तू भीमाशंकरला पाहिलंस तेच, तसंच लांब शेपूट सांभाळत या फांदीवरून त्या फांदीवर जाणारं. माकडं मात्र नशीब नसलं तरी दिसतात. पिशवी खांद्याला अडकवून ठेव आणि खाऊ बाहेर काढू नकोस.

मला या वाटेत सर्वांत प्रिय आहे ती तिथली शांतता, आणि ती नेमकी कशानं होते हे समजायला मला बराच वेळ लागला. इंजिनाचा आवाज नसतो. मुंबईत आपण झोपेतसुद्धा तो ऐकत असतो. इथे मागून येणाऱ्या घोड्याच्या टापा ऐकू येतात, त्यामुळे बाजूला व्हायला भरपूर वेळ मिळतो. समोरून येणाऱ्याचं बोलणं तो दिसायच्या आधी पोचतं. तुला डाव्या कानानं कमी ऐकू येतं म्हणून तू रस्त्यावर चालायला घाबरतेस ना, ती भीती इथे लागूच होत नाही. हॉर्न नाही, मागून अंगावर येणारी दुचाकी नाही. म्हातारी माणसं आणि लहान मुलं रस्त्याच्या मधोमध चालतात, असं महाराष्ट्रातलं दुसरं गाव मला माहीत नाही.

आणि मग झाडी विरळ होते आणि पाणी दिसतं.

तळं फार मोठं नाही, हे आधीच सांगते. छायाचित्रं पाहून काही लोक मोठा जलाशय डोळ्यांसमोर आणतात आणि मग तिथे पोचून निराश होतात. चारी बाजूंनी झाडांनी वेढलेलं, एका टोकाला दगडी बांध घातलेलं हे डोंगरमाथ्यावरचं पाणी आहे. काठ कुठे मातीचा, कुठे काळ्या खडकाचा. झाडं अगदी पाण्यापर्यंत आलेली असल्यामुळे पाण्याचा रंग दिवसभर हिरवा राहतो, सकाळी काळपट हिरवा आणि दुपारी उजळ. आश्विन-कार्तिकात ते काठोकाठ असतं. भर पावसाळ्यात बांधावरून पाणी सांडून खाली दरीत झेपावतं आणि तो आवाज वाटेवरच ऐकू यायला लागतो. पण त्या दिवसांत धुकं इतकं असतं की आवाज ऐकू येऊनही तळं दिसत नाही, आणि वाट निसरडी होते. म्हणून तुझ्यासाठी मी दिवाळीनंतरचे दिवस निवडले आहेत.

या पाण्यात उतरायचं नाही, पोहायचं नाही, नाव हाकायची नाही. हे गावाचं पिण्याचं पाणी आहे. ओढ्याला बांध घालून ब्रिटिश काळात ते साठवलं, आणि माथेरानच्या नळांशी त्याचं नातं तेव्हापासूनचं आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, मावशी. आपण ज्याला निसर्गरम्य म्हणतो, ते इथे कुणाच्या तरी माठात जातं. तू शाळेत मुलांना जांभा दगड शिकवलास, तर हे तुला माझ्यापेक्षा बरं कळेल: वर सच्छिद्र जांभा, खाली घट्ट काळा बेसॉल्ट. पाऊस जांभ्यातून झिरपत उतरतो, बेसॉल्टला अडतो आणि जिथे वाट मिळेल तिथे झऱ्याच्या रूपानं बाहेर येतो. वरची झाडी मुळांनी माती धरून ठेवते म्हणून हे चालतं. झाडं गेली तर लाल माती पहिल्याच दोन पावसाळ्यांत दरीत जाईल आणि तळं गाळानं भरेल. तळं, झाडी आणि आपण ज्यावरून चालतो ती वाट या तीन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे तिथे उभं राहिलं की डोळ्यांना दिसतं. उघडी पडलेली मुळं वाटेवर जागोजागी आहेतच.

प्रबळगडाबद्दल एक गोष्ट सांगतात, ती तू ऐकली असशील. त्याचा माथाही असाच लांबरुंद आणि झाडीचा. इंग्रजांना तिथेही माथेरानसारखी वस्ती करायची होती, पण पाण्याची सोय होईना म्हणून बेत सोडला. दोन शेजारी डोंगर, जवळपास सारख्या उंचीचे. एकावर गाव झालं आणि एकावर रान राहिलं.

ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट 1850च्या मे महिन्यात चौकच्या बाजूनं वर चढला, आणि त्यानंतर इथे बंगले उठू लागले. पुस्तकांमध्ये माथेरानची सुरुवात इथून धरतात. पण तो चढला त्या पायवाटा कुणी पाडल्या होत्या? या डोंगराच्या अंगाखांद्यावर धनगर, ठाकूर, कातकरी राहतच होते. तळ्याच्या जवळ पिसारनाथाचं देऊळ आहे, ते माथेरानचं ग्रामदैवत. तिथे जरूर जायचं. झाडांच्या गर्द सावलीत छोटंसं शंकराचं स्थान आहे. तुझ्या सोमवारासाठी म्हणत नाही, पण तिथला ओला गारवा अंगाला लागला की या डोंगराचं जुनेपण आपोआप जाणवतं. बाजारात भाजीची पाटी घेऊन बसलेल्या ठाकूर बायका आजही खालच्या वाड्यांमधून डोक्यावर ओझं घेऊन चढून येतात. आपण जिला सोपी वाट म्हणतो, तिच्या दोन्ही टोकांना त्यांची अवघड वाट जोडलेली आहे. त्यांच्याकडून काकडी घेऊ, घासाघीस न करता.

भाई कोतवालांचा जन्म याच गावातला, 1912चा. सिद्धगडावर त्यांच्या स्मारकापाशी थांबून तू आम्हाला त्यांची गोष्ट सांगितली होतीस; नाभिक कुटुंबातला मुलगा वकील झाला, माथेरानच्या नगरपालिकेत उपनगराध्यक्ष झाला, शेतकऱ्यांसाठी धान्याची कोठारं काढली, आणि बेचाळीसच्या चळवळीत आझाद दस्ता घेऊन विजेचे मनोरे पाडत हिंडला. 2 जानेवारी 1943च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात ते पोलिसांच्या गोळीला बळी पडले. ज्या गोष्टीचा शेवट तू पाहिलास, तिची सुरुवात माथेरानला झाली. त्यांनी लहानपणी कुठल्या वाटा तुडवल्या असतील ते आपण चालता चालता बघू.

आता जरा रागाचं. रागाचं नव्हे, काळजीचं. ही मोटारीविना असलेली शांतता आपोआप टिकलेली नाही. 4 फेब्रुवारी 2003 रोजी केंद्र सरकारनं माथेरान आणि आसपासचा सुमारे 214 चौरस किलोमीटरचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. रुग्णवाहिका सोडली तर मोटारी दस्तुरीलाच थांबतात, त्यामागे हा आधार आहे. तरी ओढाताण चालूच असते. मातीच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक घालावेत की नाही, यावर वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एका बाजूचं म्हणणं, पावसात माती वाहून जाते आणि रस्त्याला घळी पडतात. दुसऱ्या बाजूचं, ब्लॉकवर घोड्यांचे पाय घसरतात आणि पाणी जिरायचं थांबतं. ऑगस्ट 2025मध्ये न्यायालयानं दस्तुरीपासून बाजारातल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ब्लॉक घालायला मान्यता दिली, आणि आतल्या रस्त्यांवर, पायवाटांवर घालायला मना केलं. मला हा निर्णय पटला. मुख्य रस्त्यावरून आजारी माणूस, बाळंतीण, शाळेची मुलं जातात. तिथे चाक नीट चालायला हवं. तळ्याची वाट मात्र मातीचीच राहिली पाहिजे. ती मऊ आहे म्हणून तर तुझ्या गुडघ्याला सोसते.

त्याच निकालात न्यायालयानं माणसांनी ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं, आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचं पुनर्वसन करायला सांगितलं. हे मुद्दाम लिहिते आहे. माणसानं ओढलेल्या गाडीत मी बसणार नाही, असं तू फार पूर्वी म्हणाली होतीस, आणि माथेरान टाळायचं तुझं तेही एक कारण होतं. ई-रिक्षांची चाचणी 2022च्या डिसेंबरात सुरू झाली होती. तेव्हा दस्तुरीपासून बाजारापर्यंत गाडी नाही मिळाली तर ई-रिक्षा बघू. ती हाकणारा कदाचित वर्षानुवर्षं हातरिक्षा ओढलेला माणूस असेल. त्याच्याशी तू बोलशीलच, तुला मी ओळखते.

काठावर प्लास्टिकच्या बाटल्या दिसतील. त्या पाहून तुझा जीव तुटेल, माझाही तुटतो. मी एक रिकामी पिशवी घेऊन जाते आणि हाताला लागेल तेवढं उचलते. तू वाकू नकोस, फक्त बोट दाखव.

मावशी, तुझ्यात आणि माझ्यात एक जुना वाद आहे. तुझं म्हणणं, कष्ट केल्याशिवाय डोंगर कळत नाही. घाम गाळून गडावर पोचलं की जो आनंद होतो तो गाडीनं गेलेल्याला मिळत नाही, हे तू मला लहानपणी शिकवलंस आणि ते माझ्या हाडात मुरलं आहे. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण गड चढताना आपण खूप काही पाहतच नाही. नजर पुढच्या दगडावर असते, कान स्वतःच्या श्वासाकडे, आणि मन "अजून किती" या प्रश्नात. तळ्याच्या वाटेवर असं काहीच करावं लागत नाही, म्हणून डोळे मोकळे राहतात. खोडावर चढलेली नेची, दगडावरचं वाळत चाललेलं शेवाळ, कोळ्याचं जाळं, चिखलात उमटलेला नाल, जांभळीच्या खोडातली ढोली. गडाच्या वाटेनं जाताना हे सगळं माझ्या बाजूनं निघून गेलं, कारण सूर्य माथ्यावर यायच्या आत पोचायचं होतं. सावकाश चालणाऱ्याला जे दिसतं ते पाहायला आता तुझ्याकडे वय आहे, वेळ आहे आणि इतक्या वर्षांची तयार नजर आहे. पानावरून झाड ओळखायला तू मला शिकवलंस. मला अर्धी झाडं अजून येत नाहीत. ती मला कोण सांगणार?

आणि एक. काका गेल्यापासून तू कुठेच गेली नाहीस. गुडघा हे कारण खरं आहे, पण एकटं नाही, हे आपल्या दोघींना माहीत आहे. डोंगर म्हटला की ते आठवतात, त्यांची ती खाकी टोपी, सगळ्यांच्या मागे चालायची सवय. मी त्यांची जागा घेऊ शकत नाही. पण मागे चालू शकते. तू पुढे, तुझ्या गतीनं; थांबावंसं वाटलं तिथे थांबायचं, दगडावर बसायचं, पाणी प्यायचं. कुणी घाई करणार नाही, कुणी "अजून थोडंच राहिलं" असं खोटं सांगणार नाही. अर्ध्यातून परत फिरावंसं वाटलं तर परत फिरू. तळं काही कुठे जात नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा निघू.

तळ्यापर्यंत पोचून दम असला, तर आणखी थोडं चालून लुइझा पॉइंटला जाऊ. तिथे झाडी संपते आणि पश्चिमेकडे समोर प्रबळगड उभा राहतो. तुझा प्रबळगड. खालून चढताना त्याचं अंग दिसतं, इथून त्याचा सगळा माथा समोरासमोर दिसतो, आपण त्याच्याच उंचीवर असतो. कुठून चढलात, कुठे पाणी संपलं होतं, कुठे तुझी मैत्रीण रडायला लागली होती, हे सगळं मला बोटानं दाखव. इतकी वर्षं ऐकते आहे, पण कुठली सोंड आणि कुठली घळ ते मला अजून नीट समजलेलं नाही. तिथे कठड्याजवळ मात्र जायचं नाही, माकडं असतात आणि वारा असतो. आतल्या बाजूला बसून दिसेल तेवढं पुरेसं आहे.

शनिवार-रविवार टाळू. त्या दोन दिवसांत दस्तुरीला गाड्यांची रांग घाटात उतरते आणि तळ्यावरही गर्दी होते. मंगळवारी सकाळच्या लोकलनं निघू, गुरुवारी परत. राहायला बाजाराच्या जवळची, तळमजल्यावरची खोली विचारली आहे, बाथरूमला धरायला दांडी आहे का तेही विचारलं आहे, आहे. औषधं तीन दिवसांची वेगळ्या डबीत काढ. बूट तेच, गच्चीवर घालतेस ते, नवे घेऊ नकोस. सकाळसंध्याकाळ गारवा असतो, स्वेटर हवा. काकडीला तिखट-मीठ घरून ने, तुझ्या हातचं.

मोठ्या मामींनाही विचार. त्या नको म्हणतील, तर हे पत्र त्यांना वाचून दाखव आणि पुन्हा विचार. बुधवारपर्यंत दोघींचं कळव, म्हणजे मी खोली पक्की करते.

तुझी,
धाकटी